मोटरहोम घेऊन कोकण किनाऱ्यावर: ठाणे-नवी मुंबईच्या निवृत्त मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेलं जोडपं, सोबत एक-दोन मित्रांची जोडपी, चार-पाच दिवस आणि समुद्र. या बेताबद्दल ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढं. एकच माहिती दोनदा लागते तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोटरहोम, कॅराव्हॅन आणि कॅम्पर व्हॅन यांत फरक काय? आम्हा दोघांना कोणती बरी?

इंजिन आणि घर एकाच गाडीत असेल तर मोटरहोम. गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर म्हणजे खरं तर कॅराव्हॅन, पण आपल्याकडं दोन्हींना सर्रास कॅराव्हॅनच म्हणतात. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाचं नावही कॅराव्हॅन पर्यटन धोरणच आहे. कॅम्पर व्हॅन म्हणजे लहान गाडी: पलंग, छोटा ओटा आणि बहुतेकदा टॉयलेट नाही.

रात्री दोनदा उठावं लागत असेल तर टॉयलेट असलेलीच गाडी घ्या, यात तडजोड नको. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी दोघांना ऐसपैस होते. त्याहून मोठी बस-मोटरहोम कोकणातल्या गल्ल्यांत वळत नाही.

२. पहिल्याच सहलीला कुठं जावं? किती दिवस काढावेत?

अलिबाग-नागाव-रेवदंडा हा पट्टा. ठाण्यापासून अलिबाग शंभरेक किलोमीटर आहे, वाशीहून त्याहून कमी. पळस्पे फाट्यावरून महामार्ग ६६ धरायचा. कर्नाळ्याची लहानशी खिंड सोडली तर वडखळपर्यंत घाट नाही, पुढं पोयनाड आणि कार्लेखिंड. काही बिघडलं तर मेकॅनिक, पंप आणि दवाखाना जवळ असतात, म्हणून पहिली खेप इथंच बरी.

दुसऱ्या खेपेला अलिबाग, काशीद, मुरूड, मग जंगल जेटीनं (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीनं) दिघी, दिवेआगर आणि म्हसळा-माणगावमार्गे परत. स्थानिक भटकंती धरून हे सुमारे ४०० किलोमीटर होतं. पाच दिवस ठेवा. एका दिवसात ६० ते ८० किलोमीटर पुरे, आणि एका मुक्कामी निदान दोन रात्री. रोज जागा बदलली की सामान बांधणं, केबल गुंडाळणं, टाकी भरणं यातच सकाळ संपते.

वार निवडताना निवृत्तीचा पुरेपूर फायदा घ्या. शनिवारी सकाळी पेण-वडखळला मोठी मोटरहोम घेऊन अडकण्याचं काहीच कारण नाही. सोमवारी दुपारी निघा, शुक्रवारी सकाळी परतीला लागा. नाताळ ते ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि गणपतीचे दिवस टाळा.

३. मित्रांची दोन जोडपी आहेत. सहाजण एकाच गाडीत झोपू का?

आसनं आणि पलंग वेगळे मोजा. प्रवासात किती जण बसू शकतात हे आरसीवरच्या आसनसंख्येवर ठरतं, आणि प्रत्येकाला पट्टा असलेलं आसन हवं. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर आडवं व्हायचं नाही. ब्रेक लागला की झोपलेला माणूस थेट ओट्यावर आदळतो.

पलंगांची गोष्ट निराळी. जाहिरातीत 'चार जणांसाठी' लिहिलेलं असतं तेव्हा त्यातले दोन पलंग बहुधा वरचे असतात आणि शिडीनं चढायचे असतात. सत्तरीच्या गुडघ्यांना रात्री अडीच वाजता ती शिडी उतरायला सांगू नये.

सहाजणांसाठी उत्तम जमतं ते असं: एका जोडप्यासाठी मोटरहोम, बाकी दोन जोडप्यांना त्याच वाडीत होमस्टेच्या खोल्या, आणि सोबत एक साधी कार. मोटरहोमच्या दाराशी चहा, पत्ते, संध्याकाळच्या गप्पा. मासळी आणायला, देवळात जायला, औषधाला कार. कार सोबत असेल तर मोटरहोम एकदा लावली की हलवावी लागत नाही, आणि सहलीतला निम्मा ताप तिथंच कमी होतो. एकेक रात्र आळीपाळीनं मोटरहोममध्ये झोपायची वाटणी केली तर सगळ्यांची हौसही भागते. फक्त चादरी ज्याच्या त्याच्या.

४. वय ६७ आहे. माझं नेहमीचं कारचं लायसन्स चालेल का?

गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्स, म्हणजे तुमचं नेहमीचं कारचं, चालतं. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरच्या गाड्या त्याच्या बऱ्याच आत असतात, तरी आरसीवर आकडा पाहून घ्या. वाहतूक प्रकारात नोंदलेली गाडीही या मर्यादेत एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे.

लायसन्सची मुदत जरूर पाहा. पंचावन्नच्या पुढं नूतनीकरण पाचच वर्षांचं होतं आणि त्याला डॉक्टरांचं फॉर्म १-ए प्रमाणपत्र लागतं. मुदत संपल्यावर पूर्वी मिळायची ती ३० दिवसांची सवलत आता नाही. नूतनीकरण मात्र मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं.

भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. चालकासह असेल तर पिवळी प्लेट. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

५. चालक घ्यावा की स्वतः चालवावी?

पहिल्या सहलीला चालक घ्या. रुंदी, मागचा लांब भाग आणि वळताना बाहेर फेकली जाणारी शेपटी यांचा अंदाज यायला दोन दिवस लागतात. चालकाच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय आधी ठरवा. पुढच्या आसनावर मान वाकडी करून झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुखरूप नेईल ही अपेक्षा चुकीची आहे. होमस्टेला चालकाच्या खोलीबद्दल फोनवरच विचारा.

६. गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

पाऊण तास राखून ठेवा आणि दिवसाउजेडी घ्या. आधी आरसी, विमा, पीयूसी, भाड्याच्या गाडीचं परमिट. मग चारही बाजूंनी आणि छतावरून मोबाइलवर व्हिडिओ. सुट्या चाकासोबत जॅक आणि पाना खरंच आहेत का, ते उघडून पाहा.

आतल्या वस्तू चालवून बघा, नुसत्या दाखवून घेऊ नका. पाण्याचा पंप चालू करा आणि सगळे नळ बंद ठेवा. पंप थोड्या वेळानं आपोआप थांबायला हवा. थांबून-थांबून पुन्हा गुरगुरत असेल तर कुठं तरी गळती आहे. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, कारण गार व्हायलाच त्याला सहा-आठ तास लागतात. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी सुटी टाकी, बाहेर काढून परत बसवून पाहा. छतावरची झडप लावून बघा. वाटेत पाऊस लागला तर पाणी तिथूनच येतं. शेवटी मालकाला विचारा, 'गाडीची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळ्या आहेत ना?' एकच असेल तर रात्री दिवे आणि पंखा चालवल्यावर सकाळी गाडी सुरू होणार नाही. अशी गाडी घेऊच नये.

७. गाडी आमच्या सोसायटीत आणता येईल का? वाटेत उंचीची अडचण येते का?

पोडियम किंवा स्टिल्ट पार्किंगची उंची सहसा सव्वादोन मीटरच्या आसपास असते. छतावर एसी असलेली मोटरहोम तीन मीटरच्या जवळ जाते, त्यामुळं आत जाणार नाही. सामान भरायला ती गेटबाहेर तासभर लावण्याची परवानगी सेक्रेटरींकडून आदल्या दिवशी घ्या.

गाडीची छतासकट खरी उंची टेपनं मोजा आणि ती मीटरमध्ये व फुटांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पुलाखालच्या पाटीसमोर थांबून हिशेब करायला वेळ नसतो. कळव्याहून ऐरोलीकडं येताना विटाव्याला रेल्वेखालून जावं लागतं. उंच गाडी घेऊन तिकडं जाण्यापेक्षा मुलुंड-ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरणं सोपं.

कोकणात पुलांपेक्षा तारा आणि फांद्या जास्त त्रास देतात. चौल, नागाव, आक्षी इथल्या आतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी नारळ-सुपारीच्या वाड्या लागून आहेत. लांब काठीला गाडीच्या उंचीवर लाल फडकं बांधा आणि एकानं पुढं चालत जाऊन काठी उभी धरून पाहावं. फडकं तारेला लागत असेल तर गाडी मागं घ्या. ओल्या बांबूनं तार उचलून धरण्याचा उद्योग कुणी करू नये.

८. थेट वाळूवर, लाटांसमोर गाडी लावून झोपायचं आहे. चालेल ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि आमचं उत्तर दर वेळी हेच असतं.

एक तर किनाऱ्यावर वाहन नेण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात. दुसरं, तीन-चार टन वजनाची गाडी सुक्या वाळूत पन्नास फूटही जात नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, स्वतःसाठी खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. ओली, घट्ट दिसणारी वाळू तर जास्त फसवी. ओहोटीला ती रस्त्यासारखी कडक लागते, पण उभ्या गाडीच्या चाकाखाली पाणी झिरपलं की तीच वाळू पातळ होते. चाक खचतं, आणि तोवर भरती लागलेली असते. खारं पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये गेलं की खर्च मोठा येतो.

तिसरं कारण आमच्या लेखी सर्वांत मोठं: किनारा स्थानिकांच्या रोजच्या वापराचा आहे. होड्या ओढणं, जाळी पसरणं, मासळी वाळवणं तिथंच चालतं. तुमची गाडी त्यांच्या अंगणात उभी असते.

९. चुकून रुतलीच तर?

पहिल्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. दर वेळी रेस केल्यानं गाडी आणखी दोन बोटं खाली जाते. सगळ्यांना उतरवा आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. १०० लिटर म्हणजे १०० किलो. चाकांच्या पुढची वाळू हातानं किंवा फावड्यानं उतरती काढा, टायरमधली हवा नेहमीच्या निम्म्यावर आणा, चाकापुढं फळ्या, झावळ्या किंवा पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू बाहेर या. जमलं नाही तर ट्रॅक्टर बोलवा. दोर सांगाड्याच्या टो-हुकलाच बांधायचा, बंपरला नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय रस्त्यावर वेग घेऊ नका.

१०. मग रात्री गाडी लावायची कुठं?

वाडीत. किनाऱ्यालगतच्या गावांत ज्यांच्याकडं होमस्टे आहे आणि अंगणात खडी किंवा जांभ्याची फरशी आहे, अशा घरी. सकाळी पाच मिनिटं चाललं की समुद्र. फोनवर हे विचारा: गेट किती रुंद आहे (निदान अकरा फूट हवं), रस्त्यापासून अंगणापर्यंत काटकोनी वळण आहे का, जमीन पावसात चिखल होणारी आहे का, १६ अँपिअरचा प्लग बाहेर आहे का, गाडीजवळ नळ आहे का. गेटचा आणि वळणाचा फोटो मागवा. 'मोठी बस येते इथं' एवढ्यावर विसंबू नका.

नारळाच्या बरोबर खाली गाडी लावू नका. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळीही काच फोडते.

एमटीडीसीच्या निवासाच्या आवारातही, उदाहरणार्थ हरिहरेश्वरला, विचारून पाहा. सुरूच्या बनात मात्र मुक्काम किंवा चूल नको. सुरूच्या वाळलेल्या पानांचा थर क्षणात पेटतो.

गाडी सपाट उभी आहे का, हे जवळजवळ भरलेल्या पाण्याच्या बाटलीनं कळतं. ओट्यावर आडवी ठेवा आणि बुडबुडा पाहा. उतार असेल तर खालच्या चाकांखाली फळ्या सरकवा. डोकं उताराच्या वरच्या बाजूला ठेवून झोपा.

११. रात्रभर एसी चालेल का?

बाहेरची वीज जोडली असेल तर चालेल. फक्त बॅटरीवर नाही. छतावरचा एसी साधारण १,००० ते १,२०० वॉट घेतो. २०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण २,५०० वॉट-तास, आणि इन्व्हर्टरमधली घट धरून हाती त्याहून कमी. दोन-तीन तासांत संपते.

घराच्या १६ अँपिअरच्या प्लगवरून एसी चालतो, पण वायर बरोबर हवी: अडीच चौरस मिलिमीटरची तीन-तारी केबल, २५ मीटरच्या आत. रिळावरची केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली राहिली तर तापते आणि आवरण वितळतं. अर्थिंग आहे की नाही ते खिशातल्या सॉकेट टेस्टरनं पाहा. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. ओल्या जमिनीवर, अनवाणी, धातूच्या गाडीला हात लावताना तोच जीव वाचवतो. काही गावांत संध्याकाळी व्होल्टेज घसरतं. दिवे मंद झाले आणि एसी धापा टाकायला लागला की तो बंद करा, नाही तर कॉम्प्रेसर जळतो.

डिसेंबर-जानेवारीत खिडक्यांच्या जाळ्या लावून दोन छोटे पंखे पुरतात. त्याची झोप एसीपेक्षा छान लागते.

१२. मला सीपॅप मशीन लागतं आणि मिसेसना इन्सुलिन. जमेल का?

जमेल, आधी आकडेमोड करा. सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र. सीपॅप ह्युमिडिफायरशिवाय साधारण ३० ते ६० वॉट घेतं, म्हणजे आठ तासांना अडीचशे ते पाचशे वॉट-तास. प्रश्न ११ मधल्या बॅटरीवर हे सहज भागतं. ह्युमिडिफायर लावला तर खप बराच वाढतो. तुमच्या यंत्राच्या अडॅप्टरवर छापलेला आकडा बघा. १२ व्होल्टची वेगळी वायर मिळत असेल तर ती घ्या, इन्व्हर्टरमधली घट वाचते. वीज गेली तर म्हणून गाडीची घरगुती बॅटरी संध्याकाळी पूर्ण भरलेली ठेवा.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. गाडीच्या छोट्या फ्रिजमध्ये थंडगार पाट्याला चिकटून ठेवलं तर ते गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. रुमालात गुंडाळून दाराच्या कप्प्यात ठेवा आणि शेजारी दीडशे रुपयांचा थर्मामीटर. वापरात असलेलं पेन सावलीत बाहेर चालतं, पण डॅशबोर्डवर कधीच नाही. दुसरा संच मित्राच्या कारमध्ये असू द्या.

१३. पाणी किती लागतं?

काटकसरीनं माणशी दिवसाला २५ ते ३० लिटर. १०० लिटरची टाकी दोघांना दीड-दोन दिवस पुरते, चौघांना एकच. बादलीभर आंघोळीलाच १५ ते २० लिटर जातात, म्हणून आंघोळ यजमानांच्या न्हाणीघरात करा. समुद्रावरून आल्यावर दाराबाहेर तपेलीभर पाणी आणि पाणी घ्यायला एक मग ठेवा. पाय धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. वाळू एकदा गादीत गेली की सहल संपेपर्यंत टोचते.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं. टाकीत भरण्याआधी चव घ्या. प्यायला वेगळे २० लिटरचे जार.

१४. टॉयलेटची कॅसेट रिकामी कुठं करायची? विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको, हे न विचारणारेच गोंधळ घालतात. कॅसेट १८ ते २० लिटरची असते. दोघांना दोन-तीन दिवस, चौघांना जेमतेम दीड दिवस. लाल दिवा लागायची वाट न बघता रोज सकाळी रिकामी करा, कारण भरलेली कॅसेट वीस किलोची होते आणि कंबर धरते.

जागा एकच: सेप्टिक टँकला जोडलेलं संडास. यजमानांची परवानगी घेऊन, नळी भांड्याच्या आत धरून, हवेचं बटण दाबून हळू ओता. बटण विसरलं तर गचके येऊन उडतं. मग दोन वेळा पाणी घालून विसळा. ओढ्यात, खाडीत, वाळूत खड्डा करून किंवा माडाच्या आळ्यात ओतायचं नाही. टाकायचं औषध एन्झाइमचं घ्या. फॉर्मल्डिहाइडचं औषध यजमानांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं.

भांड्यांचं आणि हात धुतल्याचं पाणी वेगळं. कोकणात न्हाणीचं पाणी केळीला, अळवाला सोडायची रीतच आहे. साबण कमी असेल तर यजमान जागा दाखवतील.

१५. गाडीत स्वयंपाक करावा का? गॅस की इंडक्शन?

चहा, पोहे, खिचडी गाडीत. मासे तळणं बाहेर. बांगड्याचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो. जेवणासाठी गावातली घरगुती खानावळ सकाळी सांगून ठेवा. उकडीचे मोदक, आंबोळी, सोलकढी अशी खास फर्माईश मात्र आदल्या दिवशी केली तरच मिळते.

इंडक्शन २,००० वॉट घेते. १२ व्होल्टवर ते १६० अँपिअरच्या पुढं जातं, म्हणून बाहेरची वीज असतानाच लावा, आणि तेव्हा एसी बंद. एका प्लगवर दोन्ही चालणार नाहीत.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एक बर्नर तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम खातो, त्यामुळं पाच दिवसांत निम्माही संपत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि सिलिंडर उभाच, पट्ट्यानं बांधलेला. रोज सकाळी जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. गाडी चालू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद, आणि हे एकाच माणसाचं काम ठरवा. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी.

१६. भरती-ओहोटीची वेळ अ‍ॅपशिवाय कशी काढायची?

तिथीची पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार: पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, सकाळी पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्यानं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावात विचारून खात्री करा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. गुडघेदुखी असलेल्यांनी घोडागाडीचा पर्याय बघावा, खडकांवरचं शेवाळ निसरडं असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एरवीपेक्षा वर चढतं. खुर्च्या आणि चटया त्या हिशेबानं मांडा.

१७. मोटरहोम जंगल जेटीवर चढते का?

आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी या दोन्ही ठिकाणी मोठ्या गाड्याही नेतात. अडचण येते ती उताराची. पाणी खाली गेलं की जेटीचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि बोटीच्या फळीशी कोन तीव्र होतो. मोटरहोमचा मागचा भाग लांब असल्यानं टॉयलेटचा पाइप किंवा पायरी घासते. पूर्ण ओहोटीची वेळ टाळा (प्रश्न १६), पायरी आत घ्या, चालक सोडून सगळे उतरा आणि एकानं बाजूनं मागचा खालचा भाग पाहत राहावं. बोटीवर गॅस बंद, इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये.

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्यांसकट नेणारी मोठी बोट) २०२० पासून सुरू आहे. तासाभराचा प्रवास आहे. पुलावर, घाटात गाडी चालवायची धास्ती असेल तर ही वाट बरी. तिकीट आधी काढा आणि गाडीचा प्रकार, लांबी अचूक सांगा.

१८. पायरी उंच आहे, गुडघे साथ देत नाहीत. काय सोय करावी?

दाराची पहिली पायरी बहुधा फूटभराहून उंच असते. रुंद तळाचा, वर रबर लावलेला लाकडी पाट सोबत घ्या. प्लास्टिकचं स्टूल मऊ जमिनीत एका बाजूला खचतं. दाराच्या दोन्ही बाजूंना पकडदांडे हवेत. उतरताना पाठ बाहेर, तोंड आत, शिडी उतरावी तसं. पलंगापासून टॉयलेटपर्यंत बॅटरीवरची मंद दिव्याची पट्टी रात्रभर चालू ठेवा.

१९. रात्री तब्येत बिघडली तर?

रुग्णवाहिकेसाठी १०८, एकूण आपत्कालीन मदतीला ११२, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर घराचा पत्ता, जवळची खूण आणि गावाचं पूर्ण नाव कागदावर लिहून दाराच्या आत लावा. कोकणात एकाच नावाच्या वाड्या गावोगाव आहेत आणि घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही. त्याच कागदावर सगळ्यांची औषधं, मात्रा आणि अ‍ॅलर्जी. कार अशी लावा की मोटरहोम न हलवता ती बाहेर काढता येईल.

२०. पावसाळ्यात गेलं तर चालेल?

मोटरहोम घेऊन नको. अंगण चिखल होतं, फांद्या तुटतात, समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. मार्चनंतर दुपारी गाडी भट्टीसारखी तापते.

२१. कासवं पाहायला वेळासला मोटरहोम न्यावी का?

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडतात. वेळासचा रस्ता अरुंद आहे, म्हणून मोटरहोम हरिहरेश्वरच्या बाजूला ठेवून कारनं जा. किनाऱ्याजवळ मुक्काम असेल तर बाहेरचे दिवे आणि समुद्राकडचे पडदे बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, आणि तुमच्या चांदणीखालच्या दिव्यांची माळ त्यांना समुद्रापेक्षा जवळची वाटते.

२२. डिझेल किती लागतं? खर्च कसा वाटायचा?

भरलेली गाडी लिटरला ८ ते १० किलोमीटर देते, म्हणजे प्रश्न २ मधल्या फेरीला ४० ते ५० लिटर. डिझेल, टोल आणि जेटी सगळ्यांत सारखी, गाडीचं भाडं त्यात झोपणाऱ्यांनी, खोल्यांचं खोल्यांत झोपणाऱ्यांनी. निघण्याआधी एकाकडं माणशी ठरावीक रक्कम जमा करा. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना आणि टॅग त्याच गाडीच्या प्रकाराचा आहे ना, हे बघा.

२३. परत आल्यावर गाडीचं काय करायचं?

दोन दिवसांच्या आत खालून गोड्या पाण्यानं धुवा: सांगाडा, चाकांच्या कमानी, पायरीचे सांधे. एसीच्या बाहेरच्या कॉइलवर हलकं पाणी सोडा, खारी हवा तिथंच आधी खाते. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली. टाक्या रिकाम्या करून नळ उघडे ठेवा. फ्रिज पुसा आणि त्याच्या दारात दुमडलेला रुमाल अडकवून फट ठेवा. बंद राहिला तर चार दिवसांत बुरशी धरते. भाड्याची गाडी असेल तर प्रश्न ६ मधला व्हिडिओ पुन्हा काढा आणि मालकासमोर दोन्ही एकत्र बघा, मगच अनामत रकमेचं बोला.